कागद खरा, तारीख पक्की
लढाई संपल्यावर पोहोचलेली कुमक काय कामाची? पेटंटचंही तसंच. मुदत अर्जापासून 20 वर्षं. खटला 10 वर्षं रेंगाळला तर निम्मा हक्क कोर्टातच जिरतो.

पुण्याच्या बजाज ऑटोने दोन स्पार्क प्लगच्या इंजिनावरून टीव्हीएसविरुद्ध 2007 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं: असे दावे रोजच्या रोज ऐका, निकाल साधारण चार महिन्यांत द्या.

2015 च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने आणखी एक पळवाट बुजवली. समोरच्याचा दस्तऐवज नुसता ‘नाकबूल’ म्हणून चालत नाही; कारण द्यावं लागतं.

तेव्हा छोट्या संशोधकांनो, मूळ कागद, तारीख, सही पहिल्या दिवसापासून सांभाळा. तीच तुमची रसद. जय हिंद!