वाचवलेले पाणी कोणाचे?



राहुरीच्या कृषी विद्यापीठाला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. तो केवळ नामकरणाचा उपचार मानू नये. १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जोतीरावांनी माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घालण्याचा आग्रह धरला. त्याचबरोबर कालव्याचे पाणी प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या शेताच्या गरजेपुरते तोटीने मिळावे, असेही सुचवले. पाणी मोजणे हे अभियंत्याचे काम. ते प्रत्येकाला मिळणे हा न्यायाचा प्रश्न. जोतीरावांनी या दोहोंची फारकत केली नाही.

यांपैकी मोजणीचे काम विद्यापीठाने निष्ठेने पुढे नेले आहे. पिकांची पाण्याची गरज, ठिबक सिंचन, मृद्‌संधारण या विषयांवर तेथील कृषी अभियांत्रिकीचे संशोधन दीर्घकाळ चालू आहे. ‘फुले इरिगेशन शेड्यूलर’ हे तेथे तयार झालेले मोबाईलवरील साधन हवामान, जमीन व पीक यांचा हिशेब करून केव्हा आणि किती पाणी द्यावे, हे सांगते. अवर्षणप्रवण जिल्ह्यात या ज्ञानाचे मोल मोठे आहे.

परंतु वाचवलेले पाणी जाते कोठे? वाफेची यंत्रे काटकसरी झाली तसा कोळशाचा एकूण खप घटला नाही, उलट वाढला, हे जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिले होते. पाण्याचेही तेच होऊ शकते. वाटपाचा नियम नसेल, तर ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर बागायतदार आणखी एक एकर ऊस लावील, आणि शेजारचे कोरडवाहू रान कोरडेच राहील. महाराष्ट्रातील लागवडीच्या सुमारे ४ टक्के क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच नोंदवले होते. ही विषमता तंत्राने निर्माण केली नाही. ती केवळ तंत्राने जाणारही नाही.

शहराचा प्रश्न याहून निराळा नाही. २६ टीएमसी क्षमतेच्या मुळा धरणातून अहिल्यानगर शहर पिण्याचे पाणी घेते आणि आपले सांडपाणी सीना नदीच्या पदरात टाकते. धरणावरच्या वाटपात शहर आणि शेती समोरासमोर उभी राहतात. सीनेच्या खालच्या अंगाच्या गावांना मात्र कोणी विचारीत नाही. सांडपाणी शुद्ध करण्याचे शास्त्र अभियंत्यांना ठाऊक आहे. शुद्ध झालेले पाणी कोणाच्या शेताला द्यावयाचे आणि त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे कोणत्याही प्रयोगशाळेत ठरत नाही.

ते कोठे ठरू शकते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. हिवरे बाजारने पावसाची मोजणी करून पाण्याचा ताळेबंद मांडला आणि तो ग्रामसभेपुढे ठेवला. सिंचनासाठी विंधनविहिरी घ्यावयाच्या नाहीत, ऊस-केळी लावावयाची नाही, हे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. येथे शास्त्राचा आकडा लोकनिर्णयाचा आधार झाला. त्याही पुढचे पाऊल १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात पडले. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने जमिनीच्या एकरांवर नव्हे, तर घरातल्या माणसांच्या संख्येवर पाण्याचा वाटा ठरवला, भूमिहीनांचाही हक्क मान्य केला आणि उसाला मज्जाव केला. साळुंखे स्वतः अभियंते होते, हे विसरता कामा नये.

तेव्हा संशोधनाला नाके मुरडण्याचे कारण नाही आणि त्याच्यापुढे हात जोडून बसण्याचेही नाही. विद्यापीठे जनतेच्या पैशावर चालतात. किती लिटर पाणी वाचले, या प्रश्नाबरोबरच ते कोणाला मिळाले, हा प्रश्नही संशोधनाच्या आराखड्यात आला पाहिजे. कार्यकर्त्यांनी गावच्या पाण्याचा ताळेबंद संशोधकांकडून मागून घ्यावा, तो ग्रामसभेत वाचावा आणि भूमिहीन मजूर, स्त्रिया व कोरडवाहू शेतकरी यांचा वाटा त्यात लिहून घेण्याचा आग्रह धरावा. जोतीरावांच्या तोटीचा अर्थ तेव्हाच पुरा होईल.