कॉलरच्या आतलं नाव

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर रविवारी एक चक्कर मारा. मुंबई-पुण्याहून आलेल्या तरुणांच्या छातीवर कुठे चिमुकली मगर दिसते, कुठे घोडेस्वार. कॉलरचा टी-शर्ट, खाकी पॅण्ट, चौकड्यांचा शर्ट. अमेरिकेत या पेहरावाला ‘प्रेपी’ म्हणतात. तिथल्या श्रीमंतांच्या खासगी ‘प्रेप’ शाळांवरून हा शब्द आला. मगरवाली कंपनी १९३३ साली रने लाकोस्त या फ्रेंच टेनिसपटूने काढली. घोडेस्वारवाल्या राल्फ लॉरेन यांनी १९६७ साली सुरुवात केली ती नुसत्या टायपासून.

चौकड्यांची गोष्ट तर आपल्या घरातलीच. आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरी दोरीवर वाळत असते ती चौकड्यांची लुंगी. तिचं कूळ मद्रासकडच्या हातमागावरचं. असंच मद्रासी कापड १९५८ साली कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांच्याकडून न्यूयॉर्कच्या ब्रुक्स ब्रदर्स या जुन्या दुकानापर्यंत पोहोचलं. हेच नायर पुढे लीला हॉटेलांचे मालक झाले. पहिल्याच धुण्यात शर्टांचा रंग गेला आणि गिऱ्हाइकं खवळली. पण मग जाहिरात अशी झाली, की रंग जाणारच, प्रत्येक धुण्यात शर्ट नवा दिसणार! दोष होता, तोच गुण ठरला. अब्बांच्या लुंगीचाही रंग जायचा. पण त्याची जाहिरात करायचं कुणाला सुचलं नाही.

मात्र नुसत्या गोष्टीवर शर्ट किती दिवस चालणार? अंगाला नीट बसला तरच माणूस दुसरा घ्यायला येतो. हे ओळखून मुंबईत २०१२ साली अक्षय नार्वेकर यांनी ‘बॉम्बे शर्ट कंपनी’ सुरू केली. संगणकावर कापड, कॉलर, कफ, बटणं निवडायची, मापं द्यायची. शर्ट शिवून घरी येतो. पुढे काळा घोड्याला त्यांचं दुकानही झालं. बटणं लावून बसवायची ती अमेरिकन कॉलरही तिथे मिळते आणि बिनकॉलरचा शर्टही.

आता मला सांगा, यात नवं काय? कापड दाखवणं, माप घेणं, कॉलर कशी हवी ते विचारणं, हे आपला गावातला मास्टर वर्षानुवर्षं करत आलाय. पूर्वी कॉलरच्या आत तो आपल्या नावाची चिंधीही शिवायचा. आपल्याकडचं पहिलं लेबल तेच! नवं आहे ते एवढंच, की तुमचं माप जपून ठेवलं जातं आणि शर्ट कधी मिळेल ते आधी सांगितलं जातं. मास्टरचा हात कमी नव्हता; त्याच्या ‘उद्या या’ने घात केला.

आज हाच मास्टर तयार पॅण्टची लांबी कमी करत बसलाय. त्याच्या मुलाला मशीनवर बसायचं नाही. एखादा शिंपी उठला की मापाची वही जाते, आणि वहीबरोबर अख्ख्या गावाच्या खांद्यांची, पोटांची ओळखही जाते. शहरातल्या लेबलांचा मला राग नाही. माणसाला मापाचा कपडा अजून हवा आहे आणि तो त्यासाठी पैसे मोजतो, हे त्यांनी सिद्ध केलं. पण शिवणाऱ्याचं नाव तिथेही कुणाला माहीत नसतं.

म्हणून गावातल्या शिकलेल्या पोरांना सांगावंसं वाटतं. मास्टरची वही मोबाइलवर उतरवून द्या. गणपतीला आलेल्या चाकरमान्याचं माप एकदा घ्या आणि वर्षभर त्याला मुंबईला शर्ट पाठवा. तारीख द्या आणि ती पाळा. कॉलरच्या आत मात्र नाव मास्टरचंच शिवा. मगर आणि घोडा खूप झाले. आपल्या माणसाचं नाव मानेला टोचत नाही.