कळवळा नको, पुरावा हवा



२८ जुलै २०२१ रोजी राज्यसभेत एका प्रश्नाच्या उत्तरात केंद्रीय सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी सांगितलं, की हातानं मैला साफ करताना कोणाचा मृत्यू झाल्याची नोंद सरकारकडे नाही. कागदोपत्री हे उत्तर बरोबर होतं आणि खरं दुखणं तेच आहे. हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत. अस्वच्छ संडासातला मैला हातानं काढणं किंवा वाहणं ही एक आणि गटाराची किंवा सेप्टिक टँकची धोकादायक सफाई ही दुसरी. त्यामुळे मॅनहोलमध्ये उतरून गुदमरलेली शेकडो माणसं दुसऱ्या रकान्यात गेली आणि पहिला रकाना कोरा राहिला. खोटं कोणीच बोललं नाही, तरी माणसं नाहीशी झाली. सुधारक ओळवे या छायाचित्रकाराचं काम या कोऱ्या रकान्याशेजारी ठेवून पाहावं, अशी माझी विनंती आहे. सामाजिक छायाचित्रण पाहणाऱ्याचं मन हेलावतं म्हणून मोठं, असं आपल्याकडे मानतात. मला ते पटत नाही. मन हेलावण्याचा भर दोन दिवसांत ओसरतो. छायाचित्राचं मोल ते पुरावा म्हणून किती टिकतं, यात आहे.

ओळवे मूळचे अकोल्याचे, जन्म १९६६ चा. १९८८ पासून ते मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करू लागले. हा पेशा घाईचा. सकाळी मोर्चा, दुपारी मंत्र्याची पत्रकार परिषद, संध्याकाळी कुठल्या तरी तारकेचा समारंभ; आणि दुसऱ्या दिवशी त्या अंकात भजी बांधली जातात. या धबडग्यात राहून त्यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचं काम वर्षानुवर्षं टिपलं. शहराची घाण उचलणारे हे तीसेक हजार कामगार जवळजवळ सगळे दलित समाजातले. मालिका कृष्णधवल आहे. तिच्यातलं एक दृश्य बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलं असेल. रस्त्याच्या पातळीला मॅनहोलचं तोंड, त्यातून छातीपर्यंत वर आलेला उघडा माणूस आणि अंगाला चिकटलेला काळा गाळ. हातात मोजे नाहीत, तोंडावर काही नाही. रंग नसल्यामुळे गाळ कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते, हे पटकन कळत नाही. या चित्राची खरी ताकद कॅमेऱ्याच्या उंचीत आहे. रस्त्यानं जाणाऱ्याची नजर वरून खाली पडते, ती पडली की लगेच बाजूला वळते. इथे कॅमेरा खाली आलेला आहे, भोकाच्या तोंडाशी, त्या माणसाच्या चेहऱ्यासमोर. त्यामुळे पाहणाऱ्याला मान वळवायला जागाच उरत नाही.

पण एकट्या या चित्रावर थांबलो तर ओळव्यांचं निम्मंच काम पाहिल्यासारखं होईल. या कामगारांची घरं, बायका, मुलंही त्यांनी टिपली आणि पुरावा पुरा होतो तो तिथे. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. हेतू चांगला, कारण घरातला कमावता माणूस गेला तर चूल बंद पडत नाही. परिणाम मात्र असा, की दारूनं, क्षयानं किंवा अपघातानं नवरा गेला की त्याच हजेरी चौकीवर, त्याच मुकादमासमोर त्याची विधवा उभी राहते, पुढे मुलगा. सरकारी निर्णयाच्या भाषेत हा ‘लाभ’ आहे. छायाचित्रांची मालिका घरापासून रस्त्यापर्यंत पाहिली की कळतं, हाच लाभ जातीनं ठरलेलं काम पुढच्या पिढीच्या हातात देत राहतो. आकडेवारीचा तक्ता हे सांगत नाही, कारण नोकरी मिळाली एवढंच त्यात नोंदलेलं असतं. कोणाला आणि कोणती, हे चित्र सांगतं.

दक्षिण आफ्रिकेतला अर्नेस्ट कोल हा या कामाचा जवळचा नातेवाईक. वर्णद्वेषी राजवटीतल्या काळ्या माणसांच्या जगण्याची छायाचित्रं तो वर्षानुवर्षं काढत राहिला. खाणीत भरती होण्यासाठी आलेल्या मजुरांना एका रांगेत, भिंतीकडे तोंड करून नागवं उभं केलं आहे, हे त्याचं चित्र जगभर गेलं. काळ्यांवर सक्तीचा असलेला पास जवळ नसलेल्यांना घातलेल्या बेड्या, नोकरांच्या खोल्या, आगगाडीतली गर्दी, सगळं त्यानं नोंदवलं. त्यासाठी त्यानं सरकारी नोंदीत स्वतःची वर्गवारी ‘काळा’ऐवजी ‘रंगीत’ अशी बदलून घेतली, कारण काळ्या माणसावरच्या हालचालीच्या बंधनांत हे काम होणं शक्य नव्हतं. १९६६ मध्ये त्यानं देश सोडला, १९६७ मध्ये न्यूयॉर्कहून ‘हाउस ऑफ बाँडेज’ हे पुस्तक निघालं आणि दक्षिण आफ्रिकेत त्यावर ताबडतोब बंदी आली. १९९० मध्ये तो परदेशातच वारला. इथे एक गोष्ट नीट पाहावी. ज्यांची ही चित्रं होती, त्यांनाच ती पाहायला मिळाली नाहीत. राजवटीला न्यूयॉर्कच्या वाचकांच्या डोळ्यांतल्या पाण्याची फारशी भीती नव्हती, ते पुस्तक घरी पोचण्याची होती. कळवळा परदेशात चालतो. पुरावा गावात आला की अडचण होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेलाच. दुसऱ्याचं दुःख टिपून छायाचित्रकार बक्षिसं मिळवतो. ओळव्यांना २००५ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’ स्पर्धेत गौरवलं गेलं, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, प्रदर्शनं लिस्बन, अ‍ॅमस्टरडॅम, वॉशिंग्टनपर्यंत झाली; मॅनहोलमधला माणूस मात्र मॅनहोलमध्येच. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केव्हिन कार्टरनं १९९३ मध्ये सुदानमधली उपाशी मुलगी आणि तिच्यामागे बसलेलं गिधाड टिपलं (ते मूल मुलगा होता, असं पुढे कळलं). पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं, ‘तू त्या मुलासाठी काय केलंस?’ या प्रश्नानं जग त्याच्या मागे लागलं आणि जुलै १९९४ मध्ये त्यानं आत्महत्या केली. पण फरक बघा. कार्टरचं ते एक चित्र होतं, एका क्षणाचं. त्या मुलाचं नाव, गाव, आधी-नंतर काहीच त्यात नव्हतं, म्हणून ते चित्र दुष्काळाचं चिन्ह झालं आणि मूल त्यात हरवलं. ओळव्यांची किंवा कोलची मालिका अशी चिन्ह होत नाही, कारण ती एका चित्रात संपत नाही. ज्या मालिकेत कामाची जागा, घर, पगार, आजार आणि वारस सगळं येतं, तिथे माणूस दयेचा विषय राहत नाही, तो साक्षीदार होतो. तेव्हा पुरस्कार किती हे मोजण्यापेक्षा छायाचित्रकारानं तिथे किती काळ घालवला आणि काय काय नोंदवलं, हे विचारावं. या कसोटीवर पुष्कळ नावाजलेली छायाचित्रं नापास होतील, आपल्याकडचीही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: बदललं काय? इथे मी छायाचित्राची बाजू ओढून ताणून मांडणार नाही. मुंबईतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये उचलून धरला. ते यश कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दीर्घ कोर्टकचेरीचं आहे, कुठल्या प्रदर्शनाचं नव्हे. गटारसफाईत मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख देण्याचा २०१४ चा आदेश, ती रक्कम तीस लाखांवर नेणारा ऑक्टोबर २०२३ चा निकाल, हेही चळवळीनं आणि वकिलांनी मिळवलं. छायाचित्र कायदा करत नाही, संप करत नाही. पण या सगळ्या लढायांत समोरचा पक्ष एकच बचाव घेतो: हे आमचे कामगार नाहीत, ते ठेकेदाराचे, आम्ही कोणाला खाली उतरवत नाही, साधनं दिलेली आहेत, तेच वापरत नाहीत. त्या वेळी कोणत्या रस्त्यावर, कोणत्या साली, कोणत्या अवस्थेत माणूस उतरला होता, हे दाखवणारी नोंद लागते. छायाचित्राकडून यापेक्षा जास्त मागू नये आणि कमीही मागू नये.

हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग असा छायाचित्रकार हवाच कशाला, असंही विचारतात. त्याचं उत्तर थोडक्यात: खिशातला कॅमेरा घटना टिपतो, तिच्या मागचे वीस वर्षांचे दिवस टिपत नाही. मात्र कॅमेरा कोणाच्या हातात असावा, हा प्रश्न खरा आहे. डेव्हिड गोल्डब्लॅट या गोऱ्या छायाचित्रकारानं १९८९ मध्ये जोहान्सबर्गला ‘मार्केट फोटो वर्कशॉप’ काढली. तिथेच शिकलेली झानेले मुहोली २००६ पासून आपल्याच समाजातल्या, समाजानं वाळीत टाकलेल्या काळ्या समलिंगी स्त्रियांची व्यक्तिचित्रं टिपत आली आहे. जिचं चित्र दुसऱ्यानं काढलं असतं, तीच कॅमेऱ्यामागे उभी राहिली. ओळव्यांनी स्थापन केलेला फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्ट वंचित वस्त्यांतल्या मुलामुलींच्या हाती कॅमेरा देतो, तो याच वाटेनं. माझ्या मते पद्मश्रीपेक्षा हे काम मोठं.

हे सगळं मुंबईचं, जोहान्सबर्गचं, परभणीत कशाला, असं कोणाच्या मनात येत असेल. ११ मे २०२३ रोजी आपल्याच सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा शिवारात, शेतातल्या सेप्टिक टँकच्या सफाईसाठी उतरलेले पाच मजूर गुदमरून मेले. दोन दिवस बातम्या आल्या. त्यांतली छायाचित्रं घटनेनंतरची: जमलेली गर्दी, पोलिसांची गाडी, हॉस्पिटलचं दार. ती माणसं त्या टाकीपर्यंत कशी आली, अशी कामं एरवी कोण करतं, मजुरी काय ठरते, दोर कोण धरतं, याचं एकही चित्र आपल्याजवळ नाही. जिल्ह्यात फोटो स्टुडिओंना तोटा नाही. गोदाकाठी प्री-वेडिंगसाठी ड्रोन उडतात, जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत एकेका लग्नात चार चार कॅमेरे फिरतात. कौशल्य आहे, साधनं आहेत. या व्यावसायिकांनी वर्षातले थोडे दिवस काढून आपल्या नगरपालिकेच्या झाडूवाल्यांचं, सेप्टिक टँकच्या गाडीवरच्या माणसांचं, ऊसतोडीला निघणाऱ्या तांड्याचं काम पाच-दहा वर्षं सातत्यानं टिपावं, त्यांच्या परवानगीनं, त्यांची नावं आणि तारीख घालून. पुढच्या हंगामात या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी वक्त्याचा एक दिवस कमी करून त्या छायाचित्रांचं प्रदर्शन महानगरपालिकेच्या आवारात भरवावं. उद्‌घाटनाला मंत्री बोलावू नयेत. ज्यांची चित्रं आहेत त्यांना घरच्यांसह बोलवावं.