कृतज्ञतेचा रोजमेळ

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)

 

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते, साधु-साध्वींचा विहार सुरू होतो. आणि साधारण त्याच सुमारास, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत 'थँक्सगिव्हिंग' म्हणजे आभारदिन साजरा होतो. समाजातील अनेक घरांतील मुले-मुली आज तेथे स्थायिक आहेत. त्या दिवशी दूरदूरचे आप्त एकत्र जमतात आणि वर्षभरात जे लाभले त्याबद्दल आभार मानतात. प्रथा स्तुत्य आहे. तिच्यातून काय घ्यावे व काय सोडावे, एवढाच विवेक आज करावयाचा आहे.

या प्रथेची जन्मकथा बोधप्रद आहे. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून १०२ प्रवासी इंग्लंडहून निघाले व प्लिमथ येथे वसले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांपैकी जवळजवळ निम्मे मृत्युमुखी पडले. उरलेल्यांना मका पेरण्याची रीत टिस्क्वान्टम या स्थानिक गृहस्थाने शिकविली. १६२१ साली पीक हाती आले, तेव्हा तीन दिवस मेजवानी झाली. तीत वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसांसह सहभागी झाला होता.

परंतु कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. १६७५ साली त्याच मॅसासॉइटचा पुत्र मेटाकॉम आणि गोरे वसाहतकार यांच्यात युद्ध पेटले. १६७६ मध्ये मेटाकॉम मारला गेला आणि त्याचे मस्तक प्लिमथ येथे वर्षानुवर्षे टांगून ठेवण्यात आले. ज्या पित्याच्या साह्याने वसाहत जगली, त्याच्याच पुत्राची ही गत झाली. अवघ्या ५५ वर्षांत उपकाराची विस्मृती! म्हणूनच १९७० पासून तेथील काही मूलनिवासी आभारदिनीच प्लिमथ येथे शोकदिन पाळतात.

पुढे १८६३ मध्ये, यादवी युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी आभारदिनाची राष्ट्रीय घोषणा केली. १९३९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नाताळच्या खरेदीला अधिक दिवस मिळावेत म्हणून तो एक आठवडा अलीकडे आणला. त्यावरून वाद माजला आणि अखेर १९४१ मध्ये कायद्याने चौथा गुरुवार निश्चित झाला. आज गुरुवारी 'पुष्कळ मिळाले' असे म्हणणारा मनुष्य शुक्रवारी सवलतीच्या खरेदीसाठी रांगेत उभा असतो! आणि त्या आभाराच्या भोजनासाठी कोट्यवधी टर्की पक्ष्यांचे प्राण जातात. एका जीवाचे आभार मानताना दुसऱ्याचा जीव घेतला गेला, तर त्या आभाराला काय अर्थ उरला? तेथेही याची जाणीव असलेली माणसे आहेत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. १९८६ साली स्थापन झालेली 'फार्म सँक्च्युअरी' ही संस्था टर्की पक्षी दत्तक घेण्याचा उपक्रम चालविते. पांजरपोळीची परंपरा असलेल्या समाजाला यात आपलेपणा वाटल्यावाचून राहणार नाही.

बंधु-भगिनींनो, वर्षातून एकदा मानलेले आभार म्हणजे वर्षअखेरीचा ताळेबंद होय. व्यापारी बांधवांना निराळे सांगावयास नको, की रोजमेळ रोज लिहिला नाही तर ताळेबंद कधीच जुळत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅककला यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लाभलेल्या चांगल्या गोष्टींची नियमित नोंद ठेवणारे लोक अडचणींची नोंद ठेवणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी आढळले. जैन परंपरेत तर हा रोजमेळ षडावश्यकांच्या रूपाने शतकानुशतके चालू आहे. चतुर्विंशतिस्तव आणि वंदना ही उपकारकर्त्यांच्या स्मरणाची, जमेची बाजू. प्रतिक्रमण ही नावेची बाजू. जाता-येता पायाखाली आलेल्या एकेंद्रिय जीवाचीही तेथे क्षमा मागितली जाते. जीवांनी परस्परांवर उपकार करावेत, हा तत्त्वार्थसूत्राचा सिद्धान्त भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवापासून जैन प्रतीकाखाली कोरला गेला आहे. तो केवळ प्रतीकाखाली राहू नये.

अंगावरचा साधा सदरा घ्या. कापूस पिकविणारा शेतकरी, सरकी काढणारा, सूत कातणारा, मागावर रात्रपाळी करणारा विणकर, रंगारी, शिंपी, इतक्यांचे ऋण त्या एका वस्त्रात गुंतलेले आहे. शिवाय रंगाचे पाणी ज्या नदीत गेले, तिच्यातील जीवांचेही! हे ऋण केवळ 'धन्यवाद' म्हटल्याने फिटत नाही. मजुराची मजुरी वेळेवर देणे, मापात खोट न करणे, पाणी जपून वापरणे, ही त्याची परतफेड होय.

आपल्या संस्थेला ५० वर्षे पूर्ण झाली. दात्यांची नावे संगमरवरावर कोरलेली आहेत, ते योग्यच आहे. परंतु पहाटे अंगण झाडणारी बाई, भोजनशाळेत चुलीपुढे उभा राहणारा आचारी, रात्री दरवाजा राखणारा पहारेकरी, यांची नावे कोणत्या पाटीवर आहेत? त्यांच्या आजारपणाची, मुलांच्या शिक्षणाची वास्तपुस्त घेणे, हीच सुवर्णमहोत्सवाची खरी प्रभावना ठरेल. नाही तर मेजवानी स्मरणात राहते आणि टिस्क्वान्टम विसरला जातो.

म्हणून आजपासून प्रत्येक घरात एक छोटी वही असावी. निजण्यापूर्वी तीन ओळी लिहाव्यात : आज कोणाचा उपकार घेतला, आज कोणाला दुखविले, आणि उद्या त्यातले काय फेडावयाचे. अमेरिकेतील मुलांनीही ती लिहावी, येथील आजी-आजोबांनीही लिहावी. आभारदिनाला त्यांनी जरूर एकत्र बसावे. ताटात मात्र कोणाचा प्राण नसावा आणि उरलेले ३६४ दिवस कोरे नसावेत.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!