शाळाखोली बांधावी कोणी? — मुख्याध्यापकांच्या सभेतील भाषण



नव्या खोलीच्या मंजुरीचे पत्र आले की आपल्या सभेत पहिला प्रश्न निघतो तो रकमेचा. माझी विनंती अशी की, त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा : हे काम करावयाचे कोणी व कोणत्या रीतीने? काही योजनांच्या आदेशांतच रीत ठरलेली असते. तेथे बोलणे खुंटले. जेथे मुभा आहे, तेथे मात्र विचार आपणांसच केला पाहिजे.

पहिली रीत सर्वपरिचित आहे. अभियंत्याने नकाशा व अंदाजपत्रक करावे, निविदा मागवाव्या व मक्तेदाराने बांधावे. बी-१ निविदेत मक्तेदार अंदाजपत्रकी दरांहून किती टक्के कमी अगर अधिक, एवढेच सांगतो. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर तोच भरतो. दोहोंतही देयक मोजमापावर निघते. म्हणून पाया अपेक्षेहून खोल गेला, तर वाढीव खर्च आपल्या माथी येतो. दुसरी रीत अशी की, नकाशासह सारे काम एकरकमी एकाच मक्तेदाराकडे द्यावे. मागाहून खिडकीची जागा बदलली तरी तेथे जादा पैसा पडतो. मोठ्या कामांना ती शोभते, दोन खोल्यांच्या शाळेला क्वचितच.

तिसरी रीत समितीमार्फत बांधण्याची. २००१ मध्ये सुरू झालेल्या सर्व शिक्षा अभियानात ठेकेदार न नेमता गावाच्या समितीनेच खोल्या बांधाव्या, असे धोरण होते. त्या काळी मी एका दुशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक होतो. आमची खोली खरोखर चांगली झाली. कारण गवंडी गावचा, आणि त्याची नात त्याच खोलीत बसणार होती. एकही वीट त्याने भिजविल्यावाचून लावली नाही. परंतु सिमेंटच्या गोण्या मोजणे, पावत्या जुळविणे, तालुक्याला खेपा घालणे हे सारे माझ्याकडे, आणि चौथीचा वर्गही माझ्याकडेच. दीड महिना तो वर्ग पाटीवर बेरजा करीत बसला. अंदाजपत्रकात त्या नुकसानीची बाब नव्हती. स्लॅबला पाणी मारण्यास मी मुलांना लावले, हेही आज कबूल करतो. ते सर्वथा अयोग्य होते.

म्हणून केवळ स्वस्त पडते या कारणास्तव ही रीत पत्करू नये. गावात जाणता गवंडी आहे काय? साध्या सिमेंटचे काँक्रीट निदान ७ दिवस, कडक उन्हात १० दिवस ओले राहिले पाहिजे. ते पाहणारा पालक आहे काय? पाया भरण्यापूर्वी, आणि सळई बांधून झाल्यावर स्लॅब ओतण्यापूर्वी, अभियंता हमखास येईल काय? जमीन काळी असेल तर हा प्रश्न अधिकच निकडीचा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि कच्च्या पायावरची भिंत तिच्याबरोबर तडकते. मक्त्यात दोषदुरुस्तीची मुदत असते, अनामत रक्कम असते. तडा गेल्यास मक्तेदाराला बोलावता येते. समितीने बांधलेल्या भिंतीसाठी समिती कोणाला बोलावणार?

मक्ता दिला म्हणजे आपण मोकळे, असेही कोणी समजू नये. अंदाजपत्रकाची प्रत शाळेत मागून घ्यावी. सळईची जाडी व दोन सळयांतील अंतर नकाशाशी ताडून पाहण्यास अभियंता व्हावे लागत नाही, मोजपट्टी पुरते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे समितीत निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. मुख्याध्यापक सचिव असला, तरी बांधकामावरचा मुकादम नव्हे. ठराव करतानाच दोन पालकांची नावे लिहून घ्यावी : एकाने हिशेब ठेवावा, दुसऱ्याने रोज कामावर उभे राहावे. अशी दोन नावे मिळत नसतील, तर निःसंकोच मक्ता द्यावा आणि आपण वर्गात जावे.