हृदयाचे आरोग्य आणि दोन काठ्यांची चाल



पहाटेच्या वेळी रंकाळ्याच्या काठी फिरणाऱ्यांची गर्दी असते. त्यांपैकी कित्येकांची अँजिओप्लास्टी वा बायपास झालेली असते. ‘रोज झपझप चाला’ हा डॉक्टरांचा सल्ला त्यांना पाठ असतो. परंतु कोणाचे गुडघे साथ देत नाहीत, तर कोणाला तोल जाण्याचे भय वाटते. हळूहळू चाल मंदावते आणि एके दिवशी फिरणेच थांबते. अशांनी हृदयासाठी काय करावे, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम साध्या चालण्याचे माहात्म्य ध्यानी घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा. चालताना बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये, ही त्या श्रमाची सोपी खूण होय. एवढ्या नियमाने रक्तदाब व रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास मदत होते. यासाठी कोणतेही साधन लागत नाही.

मात्र या चालण्यात मुख्य श्रम पायांचे असतात. कोल्हापूरच्या तालमीत नुसत्या बैठकांवर कोणी थांबत नाही. जोडीला जोर काढावेच लागतात. हेच तत्त्व ‘नॉर्डिक वॉकिंग’मध्ये आहे. फिनलंडमधील स्कीइंगचे खेळाडू बर्फ नसलेल्या उन्हाळ्यात दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालण्याचा सराव करीत. १९९० नंतरच्या दशकात तो सर्वसामान्यांचा व्यायाम झाला. त्यात काठीचे टोक मागे तिरपे टेकवून जमिनीला रेटा द्यायचा असतो. त्यामुळे दंड, खांदे व पाठ यांचे स्नायूही राबतात, त्यांना प्राणवायू लागतो आणि तो पुरविण्यासाठी हृदयाला अधिक काम मिळते.

अमेरिकेतील डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटने २००२ मध्ये २२ जणांची चाल काठ्यांसह व काठ्यांविना तपासली. काठ्यांसह प्राणवायूचा वापर सरासरी सुमारे २० टक्के अधिक भरला, नाडीही थोडी वाढली. परंतु चालणाऱ्यांना श्रम अधिक जाणवले नाहीत. कॅनडातील ओटावा येथील हृदयसंस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३० हृदयरुग्ण होते. १२ आठवड्यांचा व्यायाम आणि त्यानंतरचा काही काळ मिळून सहा मिनिटांत चालण्याचे अंतर काठीवाल्यांचे १९ टक्क्यांनी, तर सलग मध्यम ते जोरकस व्यायाम करणाऱ्यांचे १२ टक्क्यांनी वाढले. ही कसोटी चालण्याचीच होती, हे येथे विसरू नये. मनाची उभारी मात्र सर्वच गटांत वाढली. तात्पर्य, साधे चालणे कमी प्रतीचे नव्हे. ज्यांना वेग वाढविता येत नाही, त्यांच्यासाठी काठ्या हा दुसरा मार्ग आहे.

काही पथ्ये पाळावीत. मूठ धरून काठी उभी टेकविली असता कोपर साधारण काटकोनात यावे. उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे जावा. प्रारंभ दहा-पंधरा मिनिटांनी करावा. हृदयविकार वा अनियंत्रित रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांची अनुमती घ्यावी. नाडी मंद ठेवणारी औषधे चालू असणाऱ्यांनी नाडीवर विसंबू नये, बोलण्याचीच कसोटी लावावी. छातीत दडपण वा धाप जाणवल्यास तत्काळ थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे.

अडचण उरते ती मनाची. काठी हाती आली की म्हातारपण आले, असे लोकांना वाटते. परंतु सम्मेदशिखरजीच्या सुमारे २७ किलोमीटरच्या वंदनेत धडधाकट तरुणही बांबूची काठी घेतात आणि तेथे कोणालाही संकोच वाटत नाही. ती काठी आधाराची, ही रेट्याची, एवढाच भेद. तोच निःसंकोचपणा रंकाळ्यावर आला, तर फिरणे सोडून घरी बसलेली कित्येक ज्येष्ठ मंडळी पुन्हा वाटेवर दिसू लागतील.