मेथी की पालक?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला “तुम्हीही दोन शब्द बोला” असे सांगितले, तेव्हा माझ्या पोटात गोळाच उठला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चारचौघींत बोलण्याची सवय नाही. पण मग मनात आले, पंचवीस वर्षे रोज सकाळी उठून आपण ज्या गोष्टीचा विचार करतो त्या गोष्टीवर बोलायला शिक्षण कशाला हवे? ती गोष्ट म्हणजे ‘आज भाजी कोणती करावी?’ म्हणून आज मी मेथी आणि पालक या दोन भाज्यांविषयी बोलणार आहे. या दोन्ही आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, कोणत्याही बाजारात गेले तरी शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात.

हा विषय मला सुचला तो माझ्याच घरातल्या एका प्रसंगावरून. मागच्या वर्षी आमच्या सूनबाईंना दिवस गेले. पाचव्या महिन्यात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८.६ भरले. नर्सबाई म्हणाल्या, “गरोदरपणात अकराच्या खाली असू नये. हिला घरात खायला काय देता?” मला फार लागले. आमच्या घरी पालेभाजी नाही असा दिवस नसतो. त्यातून पालकाने रक्त वाढते असे ऐकले होते, म्हणून आठवड्यातून तीनदा पालक करीत होते. मुलांच्या कार्टूनमधला तो पोपाय नाही का, पालकाचा डबा रिचवून दंड फुगवणारा! माझीही समजूत तशीच होती.

माझी धाकटी मुलगी शिकते आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली आपल्या देशातील धान्ये, भाज्या, फळे तपासून तक्ते छापले आहेत. ते तिने काढले आणि मला शेजारी बसवून वाचून दाखवले. त्यातले लक्षात राहिले ते सांगते. आकडे निवडलेल्या, कच्च्या शंभर ग्रॅम पाल्याचे आहेत आणि ते ढोबळ धरावेत, कारण जमीन, पाणी आणि ताजेपणा यांप्रमाणे ते कमीजास्त होतात.

लोह मेथीत सुमारे पावणेसहा मिलिग्रॅम, तर पालकात तीनच्या आत. कॅल्शियम मेथीत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, पालकात ऐंशी. प्रथिने मेथीत साडेतीन ग्रॅमहून थोडी अधिक, पालकात दोन. ‘क’ जीवनसत्त्वही मेथीत जवळजवळ दुप्पट. म्हणजे ज्या पालकाला मी डोक्यावर घेतले होते, त्याच्या शेजारी बसलेली मेथी बहुतेक बाबतींत त्याच्या पुढे!

पालकाची आणखी एक गोष्ट आहे. त्यात ऑक्झॅलिक आम्ल पुष्कळ असते. पालक खाल्ल्यावर दातांवर खरखर येते ती त्याचीच. हे आम्ल कॅल्शियमला घट्ट धरून ठेवते. त्यामुळे पालकात जेवढे कॅल्शियम असते त्यातले शंभरात पाचच भाग अंगी लागतात. दुधातले मात्र पंचवीस ते तीस भाग लागतात. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांना डॉक्टर पालक कमी खा म्हणतात तेही याच कारणाने.

पण भगिनींनो, यावरून कोणी पालकाला घराबाहेर काढू नये. फोलेट नावाचे जे जीवनसत्त्व आहे ते पालकात मेथीच्या जवळजवळ दुप्पट असते. गर्भाचा मेंदू आणि पाठीचा कणा नीट घडण्यासाठी ते लागते आणि नवे रक्त तयार होण्यासाठीही लागते. डोळ्यांना हवे असणारे ‘अ’ जीवनसत्त्व शरीर ज्यापासून बनवते ते द्रव्य दोन्हीं भाज्यांत भरपूर आहे, मात्र ते अंगी लागायला फोडणीचे थोडे तेल लागते. पालक कडू नसतो म्हणून लहान मुले व दात नसलेली म्हातारी माणसे तो आवडीने खातात. शिवाय परसात लावला तर कापला की पुन्हा फुटतो. मेथी आपण मुळासकट उपटतो, ती पुन्हा पेरावी लागते. तेव्हा मी आता दोन्हींची पाळी लावली आहे. पूर्वी पालक तीनदा व्हायचा, आता मेथी दोनदा, पालक एकदा आणि मधून माठ किंवा शेवग्याचा पाला. शेवग्याचा पाला फुकट मिळतो म्हणून आपण त्याला किंमत देत नाही, पण प्रथिने आणि कॅल्शियम यांत तो मेथीच्याही वर आहे.

आता आपण बायका या भाज्यांचे काय करतो ते पाहा. मेथी कडू लागते म्हणून चिरून मीठ लावतो, पिळतो आणि हिरवे पाणी मोरीत ओततो. पालक उकडतो आणि त्याचेही पाणी ओततो. आधी चिरतो आणि मग धुतो. ‘क’ जीवनसत्त्व आणि फोलेट ही दोन्ही पाण्यात विरघळणारी, ती त्या पाण्याबरोबर जातात. म्हणून आधी धुवावी, मग चिरावी आणि लगेच फोडणीला टाकावी. मुतखडेवाल्यासाठी पालकाचे पाणी ओतले तर ते योग्यच, कारण ते आम्लही थोडे निघून जाते. इतरांसाठी तेच पाणी डाळीत घालावे. मेथीचा कडूपणा मूगडाळीने आणि शेंगदाण्याच्या कुटाने मोडतो. कोवळी मेथी असेल तर कच्चा घोळाणा करावा आणि वर लिंबू पिळावे. पाल्यातले लोह शरीर फार थोडे घेते. लिंबाने ते अधिक घेते आणि जेवणावर लगेच चहा प्याला तर आणखी कमी घेते. माझी सून जेवण झाले की माझ्याबरोबर कपभर चहा घेत असे, आणि तो चहा मीच करून देत असे!

एवढे कळल्यावर मला वाटले की आता काम झाले. पण एके दिवशी दोन जुड्या मेथी निवडून मी शेजारच्या दुकानातल्या काट्यावर तोलली. चारशे ग्रॅम भरली. मुलीने हिशेब केला. चारशे ग्रॅम मेथीत तेवीस मिलिग्रॅम लोह. घरात माणसे सहा. सारखी वाटणी केली तर एकेकाला चारच्या आत. बाईमाणसाला दिवसाला लागते एकोणतीस आणि गरोदर बाईला सत्तावीस. बाकीचे कोठून यायचे? थोडे आपल्या बाजरीतून येते. शंभर ग्रॅम बाजरीत साडेसहा मिलिग्रॅमच्या जवळपास लोह असते, ज्वारीत त्याहून कमी. आपल्याच जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने ‘धनशक्ती’ नावाचे जादा लोहाचे बाजरीचे वाणही निघाले आहे. थोडे डाळींतून, थोडे मटकी-हुलग्यांतून येते.

मुलीने मग विचारले, “आई, सारखी वाटणी आपल्या घरी होते का?”

मी गप्प बसले. आमच्याकडे आधी पुरुष जेवतात, मग मुले, मग सासूबाई, मग मी आणि सर्वांत शेवटी सूनबाई. तिच्यापर्यंत कढई जाते तेव्हा कडेला चिकटलेली दोन घास भाजी असते. ती त्यातच भाकरी फिरवून पुसून खाते. मीही नवी सून असताना तशीच जेवत होते. मला कोणी विचारले नाही, म्हणून मीही तिला विचारले नाही. मेथी श्रेष्ठ की पालक श्रेष्ठ हा वाद मी करीत बसले होते, पण जिच्यासाठी तो वाद, तिच्या ताटात दोन्हीही पोचत नव्हत्या.

त्या दिवसापासून मी सूनबाईंचे ताट आधी वाढून झाकून ठेवू लागले. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “आत्याबाई, असं बरं दिसत नाही.” मी म्हटले, “न दिसेना.” सासूबाई दोन दिवस कुरकुरल्या, मग त्याच “हिचं ताट वाढलं का?” असे विचारू लागल्या. आता आम्ही तिघी एकत्रच बसतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. केवळ भाजीने रक्त भरले असे मी म्हणणार नाही. सरकारी गोळ्या तिने नेमाने घेतल्या. एका गोळीत साठ मिलिग्रॅम लोह असते. तेवढे मेथीतून घ्यायचे तर किलोभराहून अधिक पाला खावा लागेल! तेव्हा गोळ्यांना भाजी हा पर्याय नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी मात्र एकाच वेळी घेऊ नये, असे नर्सबाईंनी बजावले होते. बाळंतपणाच्या आधी हिमोग्लोबिन १०.९ झाले आणि नात सुखरूप झाली. ती आज या सभेत मागे बसून रडते आहे, तोच आवाज आपल्याला ऐकू येतो आहे.

आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव तुम्ही सर्वांनी ऐकले आहे. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावरान भाज्यांचे आणि धान्यांचे बियाणे जपले आणि त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. आपण तेवढे नाही, पण मोरीच्या पाण्यावर दोन वाफे मेथी-पालक नक्की करू शकतो. पाण्यात साबण जात असेल तर ते वळवून चांगले पाणी द्यावे.

शेवटी मंडळाला माझी एक विनंती आहे. सरकारी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. येथे शंभर जणी बसल्या असतील तर त्यांपैकी पन्नास त्यांत असतील. हळदीकुंकवाला आपण जमतो, वाण म्हणून डबे-वाट्या देतो. येत्या संक्रांतीला वाण म्हणून मेथीच्या बियांची पुडी द्यावी आणि त्याच दिवशी नर्सबाईंना बोलावून सर्वांचे रक्त तपासून घ्यावे. आणि आज घरी गेल्यावर भाजी कोणतीही असो, सुनेचे ताट आधी वाढावे. ज्यांना सून नाही त्यांनी स्वतःचे वाढावे.